नऊ वर्षांची ओळख आणि चार महिन्यांची नोकरी

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी 36 वर्षांची परिचारिका आहे आणि डोंबिवलीला राहते. परळच्या एका धर्मादाय रुग्णालयाच्या सर्जिकल वॉर्डात मी 9 वर्षे नोकरी केली. तिथे माझ्या शब्दाला मान होता, पण पगार वाढत नव्हता आणि आयसीयूचे काम शिकण्याची इच्छाही होती. म्हणून घरच्यांचे मन वळवून चार महिन्यांपूर्वी अंधेरीच्या एका मोठ्या खाजगी रुग्णालयात आयसीयूला रुजू झाले. आता रोज वाटते की चूक केली. गेल्या महिन्यात रक्तदाब टिकवणाऱ्या नॉरअ‍ॅड्रिनलिन या औषधाच्या सिरिंज पंपाचा (ठरलेल्या वेगाने औषध सोडणाऱ्या यंत्राचा) अलार्म वाजला आणि माझे हातच चालेनात. माझ्याहून बरीच लहान असलेली एक सिस्टर धावत आली आणि तिने सगळे सांभाळले. भेटीला आलेली रुग्णाची मुलगी म्हणाली, "पुढच्या वेळी त्याच सिस्टरना पाठवा." परतताना लोकलमध्ये रडू आवरत नाही. नवरा म्हणतो, "हट्ट तूच धरला होतास." रात्री जुन्या वॉर्डचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप वाचत बसते. 12 मेच्या परिचारिका दिनाला त्यांनी बोलावले होते, पण तोंड दाखवायची लाज वाटली म्हणून गेले नाही. ग्रॅच्युइटीचा अर्जही त्याच लाजेपायी राहिला आहे. माझी जागा अजून भरलेली नाही असे कळले. मी परत जाऊ का?

उत्तर : सप्रेम नमस्कार. तुमच्या प्रश्नाला आधी सरळ उत्तर देते. परत जाण्याचा निर्णय आत्ता घेऊ नका. आणि नोकरी बदलण्यात तुमची चूक झाली, असे तुमच्या पत्रातल्या एकाही ओळीवरून मला वाटत नाही. तुम्हाला होणारा त्रास मात्र खरा आहे आणि तो कशाचा आहे हे नीट ओळखले नाही, तर त्यावर चुकीचाच उपाय केला जाईल.

ज्या प्रसंगाने तुम्ही एवढ्या खचलात, तोच प्रथम पाहू. नॉरअ‍ॅड्रिनलिनवर ज्याचा रक्तदाब टिकून आहे, त्या रुग्णाची सिरिंज संपून नवी जोडेपर्यंत थोडा जरी खंड पडला, तरी दाब झपाट्याने खाली येऊ शकतो. म्हणून आयसीयूत मुरलेल्या सिस्टर पहिली सिरिंज संपण्याआधीच दुसऱ्या पंपावर नवी सिरिंज सुरू करतात आणि मॉनिटरवर नजर ठेवून एकीचा वेग हळूहळू कमी करत दुसरीचा वाढवतात. हे कौशल्य कुणाच्या तरी शेजारी उभे राहून, पुन्हा पुन्हा पाहून आणि मग स्वतःच्या हाताने करूनच अंगवळणी पडते. सर्जिकल वॉर्डात ते करण्याची वेळ क्वचितच येते. त्या तरुण सिस्टरला ते आले, कारण ती तिथे आधीपासून आहे. तुम्हाला आले नाही, कारण तुम्हाला ते कुणी शिकवलेले नव्हते. रुग्णाच्या मुलीने भीतीच्या भरात जे बोलून टाकले, त्यावरून तुमची 9 वर्षे तोलली जाऊ शकत नाहीत.

त्या वर्षांत तुम्ही काय कमावले, तेही आठवून पाहा. शस्त्रक्रियेनंतरचा रुग्ण उगीचच बेचैन झाला आहे, नाडी वाढते आहे, रक्तदाब अजून ठीक दिसतो आहे, पण आत कुठेतरी रक्तस्राव होत असावा, ही शंका डॉक्टरांच्या आधी तुम्हाला येत असणार. ड्रेनमधून (जखमेतला स्राव बाहेर काढणाऱ्या नळीतून) येणाऱ्या स्रावाचा बदललेला रंग आणि ड्रेसिंगचा वास यांवरून तुम्ही किती वेळा वेळीच डॉक्टरांना बोलावले असेल! हे ज्ञान परळला राहिलेले नाही. आयसीयूत शस्त्रक्रियेनंतरचे रुग्ण येतातच, आणि तिथल्या तरुण मुलींना पंप तुमच्यापेक्षा सराईतपणे हाताळता येत असले, तरी असा रुग्ण वाचण्यात तुमची नजर त्यांच्यापेक्षा मुरलेली असणार, याबद्दल मला शंका नाही.

परिचर्याशास्त्राच्या अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांचे नाव तुम्ही शिकत असताना वाचले असेल. बुद्धिबळपटू आणि वैमानिक यांच्या कौशल्याविषयी आधी झालेल्या अभ्यासाचा आधार घेऊन त्यांनी 1980च्या दशकात परिचारिकेच्या वाटचालीचे नवशिकेपणापासून निष्णातपणापर्यंत पाच टप्पे मांडले. त्यांचे एक निरीक्षण तुमच्यासाठी फार मोलाचे आहे. अनुभवी परिचारिकासुद्धा अगदी वेगळ्या प्रकारच्या रुग्णांमध्ये गेली की तिथे पुन्हा नवशिकी ठरू शकते, आणि मधल्या, म्हणजे कामात सक्षम होण्याच्या टप्प्यावर पोहोचायला त्याच किंवा तशाच कामात साधारण दोन ते तीन वर्षे जातात. तुम्हाला झालेत चार महिने. परळच्या नवव्या वर्षाची तुलना तुम्ही अंधेरीच्या चौथ्या महिन्याशी करत आहात. यात दोन रुग्णालयांची तुलना झालेलीच नाही. तुलनाच करायची असेल, तर परळच्या तुमच्या चौथ्या महिन्याशी करा. तेव्हाही सिनियर सिस्टरपुढे उभे राहताना तुमची जीभ अडखळली असेल.

तरीही तुम्ही काहीतरी गमावले आहे, हे मी नाकारत नाही. केस पेपर न पाहता रुग्णाची हकीकत सांगता येणे, मावशींनी न विचारता चहा आणून ठेवणे, डॉक्टरांनी तुमचे मत आवर्जून विचारणे, ही माणसाच्या मनाला आधार देणारी माया आहे आणि ती सुटली की दुःख होतेच. त्या दुःखाला दुःखच म्हणा, चूक म्हणू नका. रात्री जुना ग्रुप वाचण्याने ते दुःख ताजे राहते, शिवाय ग्रुपवर वाढदिवस आणि हास्यविनोद दिसतात, अपुरे मनुष्यबळ आणि अडलेली पगारवाढ दिसत नाही. काही काळ तो ग्रुप म्यूट करा. एका कागदावर तिथल्या शेवटच्या वर्षात तुम्ही घरी येऊन कोणकोणत्या तक्रारी करत होता, ते लिहून काढा. नवऱ्याला विचारलेत, तर त्यांना तुमच्यापेक्षा जास्त आठवेल.

नवऱ्याच्या त्या वाक्याचा मला राग आला, हेही लिहिते. पण तुम्ही त्यांना रडण्याचे कारण सांगितले आहे का, की ते फक्त तुमचा उतरलेला चेहरा पाहत आहेत? एखाद्या सुट्टीच्या दिवशी शांतपणे सांगा, "मला सल्ला नको, फक्त ऐकून घ्या." डोंबिवलीहून घाटकोपर, तिथून मेट्रोने अंधेरी, बारा तासांच्या वर घराबाहेर, आणि आल्यावर पुन्हा स्वयंपाक, या दिनक्रमात घरातली कामे पहिल्यासारखीच तुमच्या वाट्याला राहिली असतील, तर त्यांची वाटणी नव्याने व्हायला हवी. निम्मा पश्चात्ताप हा साधा थकवा असू शकतो. म्हणूनच नाइट उतरल्यावर राजीनाम्याचा विचार मनात आला, तर आधी झोपा.

कामाच्या ठिकाणी आता एक धीट पाऊल उचला. ज्या सिस्टरने त्या दिवशी पंप सांभाळला, तिच्याकडे जा आणि मला हे शिकव असे म्हणा. वयाने लहान आहे म्हणून संकोच करू नका. वॉर्डात नव्या मुलींना तुम्ही हातात धरून शिकवले, तेव्हा त्यांच्याविषयी तुमचे मत वाईट झाले नव्हते. इन्चार्ज सिस्टरना स्पष्ट सांगा, की व्हेंटिलेटर आणि पंप यांसाठी काही ड्यूट्या मला अनुभवी सिस्टरबरोबर द्या. जिथे हात थरथरतो, तिथे दुसऱ्या सिस्टरकडून पडताळणी करून घ्या. इन्सुलिनचेच पाहा. आपल्याकडे एका मिलीलिटरला 40 युनिटच्या आणि 100 युनिटच्या अशा दोन्ही कुप्या मिळतात, त्यांच्या सिरिंजा वेगळ्या, एकीचे टोपण लाल, दुसरीचे नारिंगी, आणि जागा बदललेल्या माणसाचा हात जुन्या सवयीने चुकीच्या सिरिंजेकडे जाऊ शकतो. अशा वेळी विचारणारी परिचारिका रुग्णाला हवी असते.

मात्र एक गोष्ट वेगळी काढून पाहा. शिकवायला कुणीच तयार नाही, विचारले की चारचौघांत अपमान होतो, किंवा व्हेंटिलेटरवरच्या एका रुग्णामागे एक परिचारिका असायला हवी तिथे तुमच्याकडे रोजच तीन-तीन रुग्ण सोपवले जातात, असे असेल तर तो नवखेपणा नव्हे, धोका आहे. तो लेखी स्वरूपात इन्चार्ज आणि मेट्रन (मुख्य परिचारिका) यांच्या कानावर घाला. त्यानंतरही फरक पडला नाही, तर धीर धरण्याचा माझा सल्ला तुम्हाला लागू होत नाही. तुमच्या पत्रात असे काही दिसले नाही, पण तुम्ही लाजेने लिहिले नसेल, म्हणून विचारते.

सुट्टीच्या दिवशीही झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर वाट पाहू नका. केईएम, सायन आणि नायर या पालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचाराची ओपीडी आहे, आणि 14416 या टेलि-मानस क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येते. रुग्णाला तुम्ही जे सांगितले असते, तेच स्वतःला सांगा.

आता परळविषयी. पाच वर्षांहून अधिक सलग सेवा झाल्यावर ग्रॅच्युइटी हा तुमचा हक्क असतो. दर वर्षामागे 15 दिवसांच्या वेतनाप्रमाणे ती मिळते आणि अर्जाला उशीर झाला म्हणून बुडत नाही. भविष्य निर्वाह निधी काढून घेऊ नका, त्याच यूएएनवर (नोकरी बदलली तरी कायम राहणाऱ्या पीएफ क्रमांकावर) नव्या नोकरीत वर्ग करून घ्या. पेन्शन योजनेत तुमची वर्गणी जात असेल, तर पेन्शनसाठी 10 वर्षांची सेवा लागते आणि तुम्ही 9 वर्षांवर उभ्या आहात. आत्ता पैसे काढले तर ती वर्षे हातची जातील. अर्ज द्यायला स्वतः जा. तोंड लपवावे असे तुम्ही काहीही केलेले नाही. त्यांनी 12 मेला आठवणीने बोलावले होते, ते तुमच्यावर रुसलेल्या माणसांचे लक्षण नव्हे.

तिथे गेल्यावर वॉर्डात थोडा वेळ बसा, पण नोकरीचा विषय त्या दिवशी काढू नका. अंधेरीचे प्रोबेशन केव्हा संपते आणि त्याआधी सोडल्यास किती दिवसांची नोटीस द्यावी लागते, हे नेमणूकपत्रात पाहून ठेवा आणि निर्णयासाठी तीच तारीख धरा. तोवर पंप, व्हेंटिलेटर आणि हँडओव्हर (ड्यूटी बदलताना रुग्णाची माहिती सोपवणे) यांत हात कितपत बसला, हे तुम्हाला कळलेले असेल. तेव्हाही परतावेसे वाटले, तर खुशाल परता, त्यात कमीपणा नाही. फक्त पगार, हुद्दा आणि जुनी सेवा धरली जाणार की नाही, हे मेट्रनबाईंकडून आधी लेखी घ्या आणि मगच इथला राजीनामा द्या. ग्रॅच्युइटीच्या अर्जासोबत नेमणुकीचे पत्र, शेवटची पगारपावती आणि बँकेचा तपशील न्या, म्हणजे दुसरी खेप पडणार नाही. जाण्यासाठी दिवस साप्ताहिक सुट्टीचा निवडा, नाइट उतरून तिकडे जाऊ नका.