वॉर्निंग आली की लगेच शून्य टाकू नकोस

अरे, कालचा तुझा लोकलच्या भाड्याचा सी भाषेतला कोड दादर ते ठाणे उभ्याउभ्या मोबाईलवर वाचला. ‘भाडे’ या व्हेरिएबलला किंमत न देताच वापरलंस असं जीसीसीने (तुझा कोड मशीनला कळेल असा करून देणारा कंपायलर) सांगितलं, आणि तू वर ‘इंट भाडे = ०’ लिहून मोकळा झालास. वॉर्निंग गेली, चूक तिथेच. तुझ्या इफमध्ये फर्स्ट क्लास आहे, सेकंड क्लास आहे, एसी लोकल राहूनच गेली. आता एसीचा प्रवासी फुकट जातोय! आधी तो तिसरा फाटा भर, शून्य काढून टाक.

आणि नुसत्या -वॉलवर (-Wall, नेहमीच्या वॉर्निंग दाखवायला सांगणारा पर्याय) विसंबू नकोस, सोबत -ओ२ (-O2, ऑप्टिमायझेशन म्हणजे कोड वेगवान करणं चालू करणारा पर्याय) दे. ‘एखाद्या वाटेने किंमत मिळत नसेल’ ही शंका घ्यायला कंपायलरला सगळ्या वाटा तपासाव्या लागतात. जीसीसी ते काम ऑप्टिमायझेशन चालू असलं तरच नीट करतो. कधी उगाच ओरडतो, ते चालायचंच. पण व्हेरिएबलचा पत्ता दुसऱ्या फंक्शनला दिलास की बरेचदा गप्प बसतो. तिथे प्रोग्रॅम व्हॅलग्राइंडखाली (प्रोग्रॅम चालताना मेमरीच्या चुका पकडणारं साधन) चालवून बघ.

न वापरलेल्या व्हेरिएबलचं एवढं टेन्शन नको (गो भाषेत मात्र तो सरळ एररच), पण उडवण्याआधी नाव वाच. मी एकदा ‘सवलत’ बिनकामाचं समजून काढलं. खाली वजाबाकीत मीच घाईत दुसरं नाव लिहिलं होतं. महिनाभर एकालाही सवलत मिळाली नाही.

एसीचं झालं की परत पाठव, परतीच्या गाडीत बघतो.