वाचकांचे प्रश्न : अ‍ॅटिकमध्ये कोणता अँटेना बसवावा?

प्रश्न : न्यू जर्सीतील एडिसन येथे आमचे स्वतःचे स्वतंत्र दुमजली घर आहे. केबल बंद करून आम्ही खिडकीला चिकटवायचा पातळ अँटेना आणला. त्यावर २, ४ आणि ५ या वाहिन्या स्वच्छ दिसतात. ७, ११ आणि १३ मात्र चौकोन-चौकोन होऊन फुटतात. होमओनर्स असोसिएशनचा (वसाहतीतील घरमालकांच्या संघटनेचा) छतावरच्या अँटेनाला विरोध असल्यामुळे तो अ‍ॅटिकमध्ये, म्हणजे छताखालच्या पोटमाळ्यात, बसवायचा विचार आहे. दुकानात ‘१५० मैल’ असे लिहिलेले अँटेना मिळतात, त्यांतला घ्यावा का?

उत्तर : नेमक्या याच तीन वाहिन्या का फुटतात, हे पाहिले की कोणता अँटेना घ्यावा तेही कळते. डिजिटल प्रक्षेपणात पडद्यावर दिसणारा क्रमांक आणि प्रत्यक्ष प्रक्षेपणाचा क्रमांक एकच असेल असे नाही. न्यूयॉर्कच्या २, ४ आणि ५ या वाहिन्या आज यूएचएफ या आखूड लहरींच्या पट्ट्यात अनुक्रमे ३६, ३५ आणि २७ या क्रमांकांवर आहेत. ७ आणि ११ मात्र व्हीएचएफ या लांब लहरींच्या पट्ट्यात आपापल्याच क्रमांकांवर, तर १३ ही १२ वर आहे. अँटेनाची दांडी साधारण लहरीच्या अर्ध्या लांबीची लागते. यूएचएफ लहरीची अर्धी लांबी २५ ते ३२ सेंटीमीटर भरते, तर ७ क्रमांकाच्या लहरीची सुमारे ८५ सेंटीमीटर. कागदाएवढ्या अँटेनाला ती लांब लहर नीट पकडता येत नाही, मग खोक्यावर मैलांचा आकडा कितीही मोठा छापलेला असो. त्या आकड्यावर विसंबूच नये, कारण पृथ्वीच्या गोलाईमुळे साधारण ६०-७० मैलांपलीकडचे प्रक्षेपण भरवशाने मिळत नाही. आपल्याला त्याची गरजही नाही. एम्पायर स्टेट बिल्डिंग आणि वन वर्ल्ड ट्रेड सेंटरवरचे प्रक्षेपक आपल्यापासून सुमारे २५ मैलांवर, ईशान्येला आहेत.

म्हणून ज्याला यूएचएफच्या आखूड दांड्यांबरोबर व्हीएचएफसाठीच्या लांब आडव्या दांड्याही आहेत, असा मध्यम आकाराचा, एका दिशेला रोखायचा अँटेना घ्यावा. अ‍ॅटिकच्या झडपेतून तो वर जाईल का, हे आधी मोजून पाहावे. दुमडणाऱ्या दांड्यांचा असल्यास सोपे पडते.

मात्र खरेदीपूर्वी विजेरी घेऊन वर जावे आणि छताची आतली बाजू पाहावी. प्लायवूड आणि त्यावर डांबरी शिंगल्स असतील, तर सिग्नल काहीसा क्षीण होऊनही काम भागते. उष्णता परतवण्यासाठी लावलेला चंदेरी पत्रा दिसला, छत धातूचे असले किंवा ईशान्येकडच्या उतारावर सौर पॅनेल असले, तर अ‍ॅटिकचा नाद सोडावा. तसे झाल्यास हेही माहीत असू द्या, की फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन या अमेरिकी प्रक्षेपण-नियामक संस्थेच्या १९९६ च्या नियमानुसार, जी जागा केवळ आपल्याच मालकीची व वापराची आहे तेथे स्थानिक टीव्हीचा अँटेना लावण्यास असोसिएशन बंदी करू शकत नाही. सामायिक छताला हा नियम लागू होत नाही, पण आपले घर स्वतंत्र आहे.

वर चालताना पाय लाकडी तुळयांवरच ठेवावा. मधल्या ड्रायवॉलवर पडला तर खालच्या खोलीचे छत फुटते. अँटेना एअर कंडिशनिंगच्या धातूच्या नळांपासून जमेल तितका दूर ठेवावा आणि लगेच ठोकून टाकू नये. घरातल्या कोणाला तरी खाली टीव्हीच्या सिग्नल मीटरसमोर बसवून फोनवर आकडे सांगायला लावावेत आणि अँटेना अर्धा-अर्धा मीटर सरकवून पाहावा, कारण एवढ्याशा अंतरानेही ७ क्रमांकाची वाहिनी स्थिरावलेली किंवा नाहीशी झालेली आढळते. बूस्टर आधीच घेऊ नये. इतक्या जवळच्या जोरकस सिग्नलवर बूस्टर लावल्यास ट्यूनर गोंधळून उलट वाहिन्या कमी होऊ शकतात. एकाच अँटेनावर चार टीव्ही जोडायचे असतील तर गोष्ट वेगळी. तेव्हा बूस्टर स्प्लिटरच्या (सिग्नल अनेक टीव्हींना वाटणाऱ्या जोडणीच्या) आधी, अँटेनाच्या बाजूला बसवावा. केबल आरजी-६ प्रकारची असावी. सर्व जोडून झाल्यावर वाहिन्यांचा शोध टीव्हीवर पुन्हा चालवावा.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीतील प्लेन्सबरोला राहतो. अ‍ॅटिकमधल्या अँटेनावर फिलाडेल्फियाच्या इतर वाहिन्या येतात, पण ६ क्रमांकाची वाहिनी येत नाही. अँटेना खराब आहे का?

उत्तर : बहुधा नाही. ती वाहिनी आजही खरोखरच ६ क्रमांकावर, म्हणजे व्हीएचएफच्या खालच्या पट्ट्यात प्रक्षेपित होते आणि तिच्यासाठी सुमारे पावणेदोन मीटर लांबीची दांडी लागते. बाजारातले बहुतेक अँटेना ७ ते ३६ क्रमांकांसाठी घडवलेले असतात. २ ते ६ क्रमांकांचाही स्पष्ट उल्लेख असलेला अँटेना घ्यावा आणि तो नैर्ऋत्येला रोखावा. या पट्ट्याला घरातल्या एलईडी दिव्यांचा आणि सौर इन्व्हर्टरचा विद्युत गोंगाटही फार बाधतो. तेव्हा नवा अँटेना घेण्याआधी दिवे एकेक करून बंद करावेत आणि प्रत्येक वेळी वाहिन्यांचा शोध पुन्हा चालवून ६ क्रमांक सापडतो का ते पाहावे.