काळ्या डोक्याचा कुरव : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : हिवाळ्यात पाहिलेल्या कुरवाचे (सीगल पक्ष्याचे) डोके पांढरे होते आणि डोळ्यामागे केवळ एक गडद ठिपका होता. तो काळ्या डोक्याचा कुरव असू शकेल का?

उत्तर : नक्कीच. विणीचा हंगाम सरला की डोक्यावरची गडद पिसे झडतात आणि तेवढा ठिपका उरतो. ऐन हंगामातही हा बुरखा गडद चॉकलेटी असतो आणि मानेच्या मागच्या भागापर्यंत पोहोचत नाही. म्हणून डोक्यापेक्षा पंखावर विसंबावे, असे मी आग्रहाने सांगेन. पक्षी उडताना पंखाच्या बाहेरील भागाच्या पुढच्या कडेला जी ठळक पांढरी पाचर दिसते, ती वर्षभर कायम असते.

प्रश्न : तपकिरी डोक्याच्या कुरवाशी गोंधळ होतो. तो कसा टाळावा?

उत्तर : तपकिरी डोक्याचा कुरव थोडा मोठा असतो, प्रौढाचे बुबुळ फिकट असते आणि पंखांच्या रुंद काळ्या टोकांत पांढरे ठिपके असतात. पिल्लांचे डोळे मात्र दोन्ही जातींत गडदच असतात. तिथेही पंखच पाहावेत.

प्रश्न : गवतावर एकाच जागी उभा राहून तो भराभर पाय का आपटतो?

उत्तर : त्या हादऱ्यांमुळे गांडुळे वर येतात आणि तो ती टिपतो.

प्रश्न : पिल्लू बाहेर आल्यावर पालक अंड्याचे टरफल घरट्यापासून दूर नेऊन टाकतात, पण लगेच नेत नाहीत. असे का?

उत्तर : अंड्याचा बाहेरचा रंग परिसरात मिसळून जातो, परंतु फुटलेल्या टरफलाची पांढरी आतली बाजू दुरूनही उठून दिसते. प्राणिवर्तनाचे अभ्यासक निको टिनबर्गन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, टरफल जितके जवळ ठेवले तितकी शेजारची अंडी शत्रूंच्या अधिक नजरेस पडली. प्राणिवर्तनाच्या अभ्यासातील हा प्रयोग मला आजही अत्यंत देखणा वाटतो, कारण दिसायला क्षुल्लक अशा एका सवयीचे मोल त्यात थेट मोजले गेले. विलंबाचे कारण घरट्यांच्या दाट वसाहतीतच आहे. नुकतेच बाहेर आलेले ओले पिल्लू शेजारचे कुरव सहज गिळू शकतात. पिसे वाळून फुलली की ते त्यांना तितके सोपे राहत नाही, आणि तोवर पालक घरटे सोडत नाहीत. माणूस वसाहतीत शिरला की सारे पालक एकदम उडतात, म्हणून घरटी दुर्बिणीतूनच पाहावीत.