पगार कमी होतोय, पण नक्की कशाचा ते बघ

अगं, तुझा मेसेज रात्री तीनला आलेला बघूनच कळलं की नाईट चालू आहे. बारा वर्षं नर्स म्हणून वॉर्ड, आयसीयू करून आता इन्फेक्शन कंट्रोलची, म्हणजे हॉस्पिटलात संसर्ग पसरू नये हे बघायची टेबलावरची जागा मिळतेय पण पगार कमी, घेऊ का नको, असं विचारलंयस. मी बेडसाईड, म्हणजे पेशंटजवळची ड्युटी, सोडली तेव्हा पन्नाशीला टेकले होते आणि खरं सांगू का, मी काही ठरवलं वगैरे नाही, माझ्या कंबरेनं ठरवलं. पडणाऱ्या पेशंटला सावरायला गेले आणि नंतर जी खुर्ची रिकामी होती तिथं मला बसवलं. तुला निदान खुर्ची निवडता येतेय.

अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी पेशंट हातानं उचलायची मर्यादा १६ किलोच्या आसपास धरलीय, तीसुद्धा पेशंट शांत आहे, सहकार्य करतोय असं धरून. वजनदार माणसाचा नुसता पाय उचलला की संपली मर्यादा! आणि डब्ल्यूएचओच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं २००७ मध्ये नाईट शिफ्टला 'बहुधा कॅन्सरकारक' गटात टाकलं, २०१९ मध्ये परत तपासलं तरी तिथंच ठेवलं. घाबरवत नाहीये, पण हिशोब करताना हे पण धरायचं.

आता पैशाचं. तू सांगतेयस तो फरक हातात येणाऱ्या पगाराचा आहे ना, मग त्यातून नाईट अलाउन्स, ओव्हरटाइम, सणासुदीच्या ड्युट्या सगळं बाजूला काढ आणि नुसता बेसिक बेसिकशी लाव. बऱ्याचदा कट दिसतो तेवढा नसतो, आपण झोप विकत होतो तिचे पैसे बंद होतात एवढंच. अर्थात घराचा हप्ता त्याच पैशातून जात असेल तर हे तत्त्वज्ञान काही कामाचं नाही, म्हणून जॉइन व्हायला दोन महिने मागून घे आणि ते दोन महिने नव्या पगारातच घर चालवून बघ, वरचे पैसे हात न लावता ठेव. जमतंय का ते तिथंच कळतं.

पेन्शन किंवा निवृत्तीची रक्कम शेवटच्या पगारावर काढतात का ते विचार, आणि तोंडी नको, लेखी घे. तसं असेल तर अगदी शेवटी पगार कमी करून घेणं फार महागात पडतं, तुझ्याकडे तो परत वाढायला वर्षं आहेत. मी तोंडी शब्दावर विसंबले होते, जाऊ दे.

एक मात्र कुणी सांगत नाही. पहिले सहा महिने चोरासारखं वाटतं. कोड ब्लूची, म्हणजे कुणाचं तरी हृदय बंद पडल्याची, अनाउन्समेंट झाली की माझे पाय आपोआप उठायचे आणि समोर काय तर एक्सेल शीट, कुठल्या वॉर्डात कॅथेटर किती दिवस राहिलं त्याची. मैत्रिणी म्हणायच्या, मजा आहे बाई एसीत. मी म्हणायचे, नाइटिंगेलबाई पण युद्धाच्या हॉस्पिटलात १८५४ ते ५६ एवढीच होती, पुढचं सगळं आयुष्य आकडे आणि पत्रं, तिला कुणी पळपुटी म्हणतं का? पण खरं म्हणजे मलाच ते पटायला वर्ष गेलं. मीटिंगा तर अजून सहन होत नाहीत.

नर्सिंगचं रजिस्ट्रेशन मात्र चालू ठेव, आणि महिन्यातून एखादी शिफ्ट मिळत असेल तर सोडू नकोस, हात विसरत नाही.

गेल्या सहा महिन्यांच्या सॅलरी स्लिपा काढून ठेव, फोनवर बसून एकेक ओळ बघू. पण नाईट संपवून लगेच फोन करू नकोस, आधी झोप.