दोन रनिंग बॅक, जागा एकच. कोणाला खेळवायचं?

तुमची अडचण मला समजली ती अशी: ऑफिसच्या फँटसी फुटबॉल लीगमधलं (अमेरिकन फुटबॉलच्या खऱ्या खेळाडूंचा आपला कागदी संघ, गुण त्यांच्या प्रत्यक्ष खेळावरून) पहिलंच वर्ष, फ्लेक्सची, म्हणजे एकाहून अधिक प्रकारचे खेळाडू चालतात अशी, एक जागा शिल्लक आणि हाताशी दोन रनिंग बॅक, म्हणजे बॉल घेऊन धावणारे. एकाला बॉल भरपूर मिळतो, पण पास तो क्वचितच पकडतो. दुसरा निम्माच वेळ मैदानात असतो, पण पास पकडतो. ॲप दोघांनाही साधारण बारा गुण दाखवतंय. नावं तुम्ही लिहिली नाहीत, ते एका अर्थी बरंच झालं. नावं दिसली की माणूस नावांच्याच प्रेमात पडतो.

आधी एक सांगा, तुमच्या लीगमध्ये कॅचला, म्हणजे पकडलेल्या प्रत्येक पासला, गुण किती? शून्य, अर्धा की एक? हे माहीत नसेल तर आत्ता सेटिंग्ज उघडून बघा, मग पुढचं वाचा. मी चेष्टा करत नाहीये. माझ्या पहिल्या वर्षी ऑक्टोबर उजाडेपर्यंत मला हे ठाऊक नव्हतं.

२०२३ मध्ये डेट्रॉइट लायन्सचे दोन्ही बॅक माझ्याकडे होते. डेव्हिड मॉन्टगोमेरी शिकागोहून आलेला, धिप्पाड, सरळ घुसणारा. जमीर गिब्ज त्या वर्षीचा नवखा, चपळ, पास पकडण्यात तरबेज. म्हणजे जवळजवळ तुमचाच प्रश्न, तोही एकाच संघातला. दर रविवारी सकाळी मी या दोघांत गोंधळायचो आणि सोमवारी हळहळायचो. सीझन संपल्यावर मात्र वही घेऊन बसलो. मॉन्टगोमेरी: १४ सामने, २१९ कॅरी (बॉल घेऊन मारलेल्या धावा), १,०१५ यार्ड, १३ टचडाउन (बॉल गोल लाइनपलीकडे नेणं), कॅच अवघे १६ आणि त्यांचे ११७ यार्ड. गिब्ज: १५ सामने, १८२ कॅरी, ९४५ यार्ड, १० टचडाउन, शिवाय ५२ कॅच, त्यांचे ३१६ यार्ड आणि आणखी एक टचडाउन. दहा यार्डांना एक गुण आणि टचडाउनला सहा असा नेहमीचा हिशेब लावला (फंबलची, म्हणजे हातून बॉल निसटल्याची, वजाबाकी सोडून), तर कॅचला शून्य गुण असलेल्या लीगमध्ये सामन्यामागे मॉन्टगोमेरी १३.७ आणि गिब्ज १२.८. कॅचला अर्धा गुण दिला की १४.२ आणि १४.५. पूर्ण एक दिला की १४.८ आणि १६.३.

माणसं तीच, मैदान तेच, फक्त नियम बदलला आणि निकाल उलटा झाला. माझी लीग अर्ध्या गुणाची होती. म्हणजे ज्या निवडीपायी मी चार महिने बायकोचं डोकं खाल्लं, तिच्यात सामन्यामागे अर्ध्या गुणाचाही फरक नव्हता.

यामागचं गणित सोपं आहे. एक कॅरी म्हणजे चार-साडेचार यार्ड, साधारण ०.४ गुण. पाच यार्डांचा एक साधा कॅच पूर्ण गुणाच्या लीगमध्ये १.५ गुणांचा, म्हणजे साधारण साडेतीन कॅरींच्या बरोबरीचा. तुमच्या लीगमध्ये कॅचला पूर्ण गुण असेल तर ‘निम्माच वेळ खेळणारा’ वाटतो तितका कच्चा नाही. शून्य असेल तर डोळे मिटून पहिल्याला खेळवा.

दोघांमागे संधी किती, तेही मोजा. क्रिकेटमध्ये सातव्या क्रमांकावरचा फलंदाज कितीही तडाखेबंद असला, तरी वाट्याला चार चेंडू आले तर तो काय दिवे लावणार? इथेही तसंच. गेल्या तीन सामन्यांतल्या कॅरी आणि त्याच्याकडे फेकलेले पास यांची बेरीज करा. एकूण यार्ड बघू नका, एखादी साठ यार्डांची धाव सगळं चित्र फसवं करून टाकते. मग गोल लाइनजवळ बॉल कोणाकडे जातो ते बघा. फिलाडेल्फियाचा रनिंग बॅक सेक्वान बार्कली याने २०२४ मध्ये २,००५ यार्ड काढले, पण धावून केलेले टचडाउन १३. त्याच संघाचा क्वार्टरबॅक (पास फेकणारा) जेलन हर्ट्स याचे १४! एक यार्ड उरला की मागून सगळे ढकलतात आणि हर्ट्स बॉल घेऊन आत. बार्कलीने शेत नांगरायचं आणि कापणीला दुसराच हजर. (त्या वर्षी अठराव्या आठवड्यातल्या अखेरच्या सामन्यात बार्कलीला विश्रांती दिली. एरिक डिकरसनचा १९८४ चा २,१०५ यार्डांचा विक्रम शंभर यार्डांवर होता, तरीही. बहुतेक फँटसी लीग आपली फायनल सतराव्या आठवड्यात उरकतात ती याच भीतीने. तुमची अठराव्यात असेल तर लीग चालवणाऱ्या कमिशनरशी आत्ताच भांडून घ्या.)

सामना कसा जाईल याचाही अंदाज बांधा. आघाडीवर असलेला संघ घड्याळ पळतं ठेवायला बॉल घेऊन धावत राहतो, कारण पास जमिनीवर पडला की घड्याळ थांबतं. पिछाडीवरच्या संघाला धावायला वेळ नसतो, तो पास फेकत सुटतो. म्हणून तुमचा पहिला बॅक जिंकण्याची शक्यता असलेल्या संघात असेल तर सोन्याहून पिवळं. दुबळ्या संघात असेल तर तिसऱ्या क्वार्टरनंतर तो नुसता ब्लॉकिंग करताना (समोरच्यांना अडवताना) दिसेल आणि दुसऱ्यासारखे पास पकडणारे पुढे येतील.

त्या आठवड्यात लीगमधल्या ज्या गड्याशी तुमचा सामना आहे, त्याचा संघ तुमच्यापेक्षा पंधरा-वीस गुणांनी भारी दिसत असेल तर मी भरवशाचा बॅक बेंचवर (राखीव) बसवतो आणि बेभरवशाचा खेळवतो. हरायचंच आहे तर पाचाने काय आणि तीसने काय. २४ सप्टेंबर २०२३ ला मायामीने डेन्व्हरला ७०-२० असं धुतलं, त्यात डी’व्हॉन अचेन हा नवखा पोरगा २०३ यार्ड धावला आणि चार टचडाउन करून बसला. त्याच संघाच्या रहीम मोस्टर्टनेही चार केले! तोवर अचेन फारसा खेळलेलाच नव्हता, त्यामुळे कितीतरी जणांच्या बेंचवर तो तसाच राहिला. असा दिवस कोणालाच आधी दिसत नाही. पण ढग कुठल्या बाजूला आहेत तेवढं दिसतं.

आता माझी फजिती, कारण यातली एक गोष्ट तुम्हाला याच आठवड्यात उपयोगी पडेल. २०२४, पहिला आठवडा. माझा पहिला ड्राफ्ट पिक, म्हणजे संघ निवडताना सगळ्यात आधी घेतलेला खेळाडू, रनिंग बॅक क्रिश्चन मॅकॅफ्री. त्याच्या सॅन फ्रान्सिस्कोचा सामना सोमवारी, ९ सप्टेंबरला, घरापासून वीस मिनिटांवर, कॅलिफोर्नियातल्या सांता क्लाराला. तो खेळेल की नाही याची कुजबुज होती, पण मॅकॅफ्रीला बेंचवर बसवणं कोणाच्या जिवावर येणार नाही? रविवारी खेळणारा एक बरा बॅक मी बेंचवर ठेवला. गणपतीचे दिवस, घरी पाहुणे. मी मोदकांच्या ताटासमोर असताना फोन वाजला: मॅकॅफ्री इनॲक्टिव्ह, म्हणजे त्या दिवशी खेळणार नाही. रविवारचे सामने संपलेले, खेळून झालेल्याला आता आत घेता येणार नव्हतं, बदलायला माझ्याकडे कोणी नाही. त्याच्या जागी धावला जॉर्डन मेसन, ज्याला एनएफएलच्या (खऱ्या व्यावसायिक लीगच्या) ड्राफ्टमध्ये कोणीही निवडलं नव्हतं. २८ कॅरी, १४७ यार्ड, एक टचडाउन. आमच्या लीगमधल्या एका चाणाक्ष बाईंनी त्याला शनिवारीच फुकटात उचललं होतं. त्या आठवड्यात माझा सामना त्यांच्याशी नव्हता, एवढंच नशीब.

तेव्हापासून मी दोन गोष्टी पाळतो. सगळ्यात उशिरा खेळणारा माणूस फ्लेक्समध्ये ठेवायचा, कारण तिथे रनिंग बॅक, रिसीव्हर, टाइट एंड कोणीही चालतो आणि ऐनवेळी बदलायला वाव राहतो. आणि कोणाच्या दुखापतीची शंका असेल तर त्याच सामन्यातला किंवा त्यानंतर खेळणारा पर्याय बेंचवर हवाच. तुमच्या दोघांपैकी एक गुरुवारी खेळणार असेल तर त्याला फ्लेक्समध्ये टाकू नका, रनिंग बॅकच्या जागेत टाका आणि तिथला माणूस फ्लेक्समध्ये आणा. हे फुकट मिळतं, तरी अर्धी लीग करत नाही.

तुमच्या वर्णनावरून, बाकी काही माहीत नसताना, माझं मत: कॅचला पूर्ण गुण असेल तर दुसरा. शून्य किंवा अर्धा असेल तर पहिला, फक्त त्याचा संघ त्या दिवशी साफ हरणारा दिसत नसेल तर. कॅचचे गुण आणि दोघांची नावं खाली लिहा, मी बघून सांगतो. आमच्याकडे रविवारी सकाळी साडेआठला पहिल्या सामन्यांची इनॲक्टिव्ह यादी येते आणि दहाला खेळ सुरू. मधला दीड तास मी मुलीच्या मराठी शाळेच्या पार्किंगमध्ये फोन हातात घेऊन बसलेला असतो.