छत्तिसाव्या वर्षी अर्थशास्त्राकडे : एका निवृत्त हवालदारांच्या पत्राला उत्तर

सप्रेम नमस्कार.

लष्कराच्या सिग्नल्स (संदेशवहन) विभागात १७ वर्षे सेवा करून आपण ३६व्या वर्षी हवालदार म्हणून निवृत्त झालात, सेवेत असतानाच इग्नूतून अर्थशास्त्र घेऊन बी. ए. केलेत आणि आता महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवण्याची इच्छा आहे, असे आपण लिहिले आहे. घरच्यांचा आग्रह मात्र बँकेतील माजी सैनिकांच्या राखीव जागेसाठी आहे. “आयुष्यभर वायरलेस सेट सांभाळलेस, त्याचा अर्थशास्त्राशी काय संबंध?” या थोरल्या बंधूंच्या प्रश्नाला आपल्याला उत्तर देता आले नाही, असेही आपण कळवले आहे. वयापेक्षा हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्यापासूनच सुरुवात करतो.

बेरोजगारी घटली की महागाई वाढते, असा संबंध मांडणारा ‘फिलिप्स वक्र’ आपण बी. ए. ला शिकला असाल. तो ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते बिल फिलिप्स हे १९१४ साली न्यूझीलंडमधील एका दुग्धव्यावसायिक शेतकऱ्याच्या घरी जन्मले. शाळा लवकर सोडून त्यांनी जलविद्युत केंद्रावर उमेदवारी केली आणि पुढे इंग्लंडला जाऊन विद्युत अभियांत्रिकीची परीक्षा दिली. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटिश हवाई दलात होते. १९४२ साली सिंगापूर पडण्याच्या सुमारास ज्या जहाजातून ते निघाले त्यावर हवाई हल्ला झाला, तेव्हा त्यांनी हाताशी असलेल्या साधनांतून मशिनगनसाठी बैठक उभी करून ती चालवली, आणि याबद्दल त्यांना युद्धानंतर सन्मानही मिळाला. पुढे जावामध्ये ते जपान्यांच्या हाती सापडले आणि सुमारे साडेतीन वर्षे युद्धकैदी राहिले. त्या छावणीत त्यांनी सहकैद्यांकडून चिनी भाषा शिकून घेतली आणि सापडल्यास जिवावर बेतेल असा चोरटा रेडिओ दुरुस्त करून चालू ठेवला. हा तपशील आपल्याला माझ्यापेक्षा अधिक कळेल.

१९४६ साली, बत्तिशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्रवेश घेतला. म्हणजे एका सुभेदाराचे पुत्र असलेल्या डॉ. आंबेडकरांनी १९२३ साली जिथून डी. एस्सी. मिळवली, त्याच संस्थेत. फिलिप्स यांचा विषय समाजशास्त्र होता आणि त्या पदवीत ते जेमतेम उत्तीर्ण झाले. परंतु अभ्यासक्रमातील अर्थशास्त्र वाचताना त्यांच्यातला अभियंता जागा झाला. व्याजदर बचतीच्या ओघावर ठरतो की लोकांनी हाती राखलेल्या रोकडीच्या साठ्यावर, असा वाद त्या काळी विद्वानांत रंगलेला होता. फिलिप्स यांना त्यात टाकी आणि नळ दिसला : साठा म्हणजे टाकीतली पातळी, ओघ म्हणजे नळातला प्रवाह, आणि दोन्ही एकमेकांना बदलत राहणार. लीड्सचे अर्थतज्ज्ञ वॉल्टर न्यूलिन यांच्या मदतीने, क्रॉयडनमधील एका गॅरेजमध्ये त्यांनी पारदर्शक टाक्या, नळ्या, पंप आणि झडपा जोडून माणसापेक्षा उंच यंत्र उभे केले. त्यात पाणी राष्ट्रीय उत्पन्न म्हणून फिरे, करांकडे, बचतीकडे आणि आयातीकडे त्याचे फाटे फुटत, आणि होणारे बदल लेखणी कागदावर आखत असे. नोव्हेंबर १९४९ मध्ये लंडन स्कूलमधील अर्थतज्ज्ञ लायोनेल रॉबिन्स यांच्या चर्चासत्रात ते चालवून दाखवल्यावर पुढच्याच वर्षी त्यांना तिथे अध्यापकाची नेमणूक मिळाली, आणि १९५८ साली ते तिथेच प्राध्यापक झाले. १८६१ ते १९५७ या काळातील ब्रिटनमधील बेरोजगारी आणि वेतनवाढीवरचा प्रसिद्ध लेख त्याच वर्षीचा. माझ्या मते मात्र त्यांचे खरे काम त्या वक्रात नसून स्थिरीकरणाच्या, म्हणजे अर्थव्यवस्थेतील चढउतार शमवण्याच्या, धोरणावरील लेखनात आहे. आपल्या रिसीव्हरमधील ऑटोमॅटिक गेन कंट्रोल संकेत वाढला की आपोआप प्रवर्धन कमी करतो. हाच विचार त्यांनी सरकारी खर्चाला लावला, आणि दुरुस्ती उशिरा पोहोचली तर चढउतार शमण्याऐवजी वाढूही शकतात हे गणिताने दाखवले. बंधूंना हे सांगावे.

त्यांची वाट मात्र जशीच्या तशी आपल्याला उपलब्ध नाही. काठावर पास झालेल्या माणसाला यंत्र पाहून नोकरी देणारी व्यवस्था आज नाही. सहायक प्राध्यापकपदासाठी एम. ए. ला किमान ५५ टक्के (राखीव प्रवर्गांना सवलत आहे) आणि नेट (राष्ट्रीय) किंवा सेट (राज्यस्तरीय) ही पात्रता परीक्षा, अथवा पीएच. डी. आवश्यक आहे. सहायक प्राध्यापकपदाच्या नेटला आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेत असलेल्या सेटला कमाल वयाची अट नाही. कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीला मात्र आहे. ३० वर्षांच्या मर्यादेत सैन्यसेवेसाठी ५ वर्षांपर्यंत सूट धरली तरी आपण तिच्या बाहेर जाता, म्हणून ती शिष्यवृत्ती गृहीत धरून घरखर्चाचे गणित मांडू नये.

आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहितो. पात्रता मिळाल्यावरही कायम जागा लगेच मिळेल असे नाही. अनेकांना काही वर्षे तासिका तत्त्वावर काढावी लागतात आणि त्या मानधनात संसार चालत नाही. तिशीतल्या इतर उमेदवारांना इथेच माघार घ्यावी लागते. आपल्याला निवृत्तिवेतन आहे, हा फरक मोठा आहे. तरीही मुले शाळेत असतील आणि घराचे कर्ज डोक्यावर असेल, तर बँकेची परीक्षा द्यावी. त्यात कमीपणा काही नाही. तशी ओढाताण नसेल तर नियमित वर्गात बसून एम. ए. करावे, असे माझे मत आहे. बी. ए. नोकरी सांभाळत, वर्गात न बसता झाले. शिकवायचे असेल तर चांगले शिक्षक फळ्यापुढे उभे असताना पाहणे गरजेचे आहे.

आपली खरी अडचण गणित असेल. आजचे एम. ए. अर्थशास्त्र डेरिव्हेटिव्ह, मॅट्रिक्स आणि संख्याशास्त्राशिवाय पुढे सरकत नाही, आणि पत्रात आपण दहावीनंतर गणित सोडल्याचे लिहिले आहे. प्रवेश अर्ज भरण्यापूर्वी अकरावी-बारावीच्या पुस्तकांतील ही प्रकरणे रोज दोन तास याप्रमाणे तीन महिने सोडवावीत, आणि अडलेली उदाहरणे वहीसह मला पाठवावीत. एम. ए. यंदा की पुढच्या वर्षी, हे ती वही पाहून सांगेन.

आपला,
करिअर मार्गदर्शक