‘सरकारने काय करावं?’ हा प्रश्न आधी फोडून घे

प्रिय मित्रा,

आरोग्यावरच्या तुझ्या लेखाच्या मसुद्याची दोन पानं वाचली. पहिल्या पानावर सरकारने सगळ्यांवर मोफत उपचार करावेत असं म्हटलं आहेस आणि दुसऱ्यावर सरकारने बाजारात लुडबूड करू नये असं. दोन्ही मतं मनापासून लिहिली आहेत, पण एका घरात नांदणारी नाहीत. तरी ती न भांडता शेजारी बसली आहेत, कारण दोन्हीकडे ‘सरकार’ या शब्दाचा अर्थ वेगळा आहे.

आरोग्यात सरकार चार निरनिराळी कामं करतं. पैसा गोळा करतं, त्या पैशातून उपचार विकत घेतं, स्वतः दवाखाने चालवतं आणि इतरांच्या दवाखान्यांना नियम घालतं. यातलं एक करावं आणि दुसरं करू नये असं म्हणण्यात काही विसंगती नाही, फक्त कोणतं ते लिहावं लागतं. शिवाय दवाखाने चालवणारं सरकारही एक नसतं. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं, ग्रामीण आणि जिल्हा रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाचं, वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं रुग्णालय वैद्यकीय शिक्षण खात्याचं आणि शहरातला दवाखाना महापालिकेचा. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात सरकारी रुग्णालयांत उपचार मोफत झाले असं तू सरसकट लिहिलंस. तो निर्णय सार्वजनिक आरोग्य विभागापुरता होता, मेडिकल कॉलेजची रुग्णालयं त्यात नव्हती. केसपेपरच्या खिडकीपुढे उभ्या असलेल्या माणसाला हा फरक ठाऊक नसतो. लिहिणाऱ्याला ठाऊक हवा.

‘माझ्या करातून’ असा शब्द तू तीनदा वापरला आहेस, म्हणून तुझ्या पगाराच्या स्लिपपासूनच सुरुवात करू. तिच्यावर व्यवसाय कराची ओळ असेल: दरमहा २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, मिळून वर्षाला २,५००. हा कर महाराष्ट्राने १९७५ साली रोजगार हमी योजनेसाठी बसवला. १९७२च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या माणसांच्या मजुरीला शहरातल्या नोकरदारांनी हातभार लावावा, हा त्यामागचा विचार. २,५०० ची कमाल मर्यादा राज्यघटनेने घातलेली आहे आणि ती १९८८ नंतर हललेली नाही. आता आयकराच्या हिशेबातली ४ टक्के उपकराची ओळ बघ. त्याचं नाव आरोग्य आणि शिक्षण उपकर. आरोग्य हा घटनेने राज्यांकडे दिलेला विषय, पण उपकराचा पैसा राज्यांना वाटून द्यायच्या करांमध्ये धरला जात नाही. तो केंद्राकडे राहतो आणि राज्याकडे आलाच तर केंद्राच्या योजनांमधून, केंद्राच्या अटींवर येतो. सरकारने किती खर्च करावा, याआधी कोणत्या सरकारच्या हातात पैसा आहे आणि कोणाच्या अंगावर काम आहे, हे लिही. निम्मा वाद तिथेच सुटतो.

बाजाराबद्दल तुझं म्हणणं मी खोडून काढणार नाही, पण ते नीट मांड. डॉक्टर लोभी असतात म्हणून आरोग्याचा बाजार बिघडतो, हे दुबळं कारण आहे. भाजीवाल्याकडे किती वांगी घ्यायची ते तू ठरवतोस. पोटात दुखत असताना किती तपासण्या हव्यात हे विकणाराच ठरवतो, आणि पटलं नाही तरी उठून दुसऱ्या गाड्यावर जायची तेव्हा सोय नसते. केनेथ ॲरो या अर्थतज्ज्ञाने १९६३ मध्ये हे मांडलं.

विम्याचं गणित तर वहीच्या एका पानावर बसतं. शंभर जण धर. वर्षात त्यातल्या दहा जणांना प्रत्येकी एक लाख खर्च येणार. हप्ता झाला दहा हजार. आपल्याला काही होत नाही असं वाटणारे चाळीस जण बाहेर पडले. खर्च तोच दहा लाख, हप्ता १६,६६७. तो बघून आणखी वीस गळाले, हप्ता २५,०००. शेवटी फक्त आजारी माणसंच उरतात आणि हप्ता त्यांच्याही आवाक्याबाहेर जातो. म्हणून ज्यांनी ज्यांनी हे जमवलं त्यांनी एक तर सक्ती केली किंवा करातून पैसा उभा केला. आपल्याकडची कर्मचारी राज्य विमा योजना १९४८ च्या कायद्यापासून हेच करते. वीस हजार पगाराच्या कामगाराचे ०.७५ टक्के म्हणजे १५० रुपये, मालकाचे ३.२५ टक्के म्हणजे ६५० रुपये. ‘मला नको’ म्हणायची मुभा नाही, आणि ती नाही म्हणूनच योजना उभी आहे.

आता योजनांकडे येऊ. राजीव गांधी जीवनदायी योजना २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढच्या वर्षी राज्यभर गेली आणि २०१७ पासून तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव आहे. २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत आली. मग दोन्ही एकत्र चालवल्या गेल्या आणि दीड लाखाचं कवच पाच लाखांवर गेलं. तू लिहिलंस, ‘सरकार प्रत्येक कुटुंबाला पाच लाख देतं.’ देत नाही. पाच लाख ही कमाल मर्यादा आहे. योजना किती मोठी हे बघायचं तर दावे किती मंजूर झाले, सरासरी दावा कितीचा होता आणि तो किती दिवसांनी चुकता झाला, हे तीन आकडे माग.

योजना चालते ती अशी. रेशनकार्ड आणि ओळखपत्र घेऊन माणूस यादीतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राच्या, म्हणजे योजनेच्या मदतनीसाच्या टेबलापाशी जातो. नोंद होते, रुग्णालय पूर्वमंजुरी मागतं, उपचार ठरलेल्या पॅकेजमध्ये, म्हणजे बांधलेल्या एकत्रित दरात होतो आणि डिस्चार्जनंतर रुग्णालय दावा लावतं. बिघाड होतो तो पॅकेजच्या दरात. दर कमी बसला तर ‘बेड नाही’ हे उत्तर मिळतं, किंवा ‘इम्प्लांट वेगळं पडेल’ म्हणून पावतीशिवाय पैसे घेतले जातात. दर चढा बसला तर गरज नसलेल्या शस्त्रक्रिया वाढतात. दावे महिनोन्‌महिने अडकले की छोटी रुग्णालयं यादीतून बाहेर पडतात. मोठ्यांना दम धरता येतो. आणि यादीतली रुग्णालयं मुळात शहरांत दाटलेली असतात, त्यामुळे दुर्गम तालुक्यातल्या माणसाच्या खिशात कार्ड असतं पण जवळ रुग्णालय नसतं.

गरज नसलेल्या शस्त्रक्रिया म्हणजे काय, ते बीडने दाखवलं. ऊसतोड कामगार महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवरून २०१९ मध्ये आरडाओरडा झाला, तेव्हा सरकारने नेमलेल्या समितीसमोर आलेल्या पाहणीत ८२ हजारांवर महिलांपैकी १३ हजारांवर महिलांची गर्भाशयं काढलेली आढळली. त्यातलं वैद्यकीय कारण किती आणि मजुरीचा खाडा परवडत नाही हे कारण किती, हे दर ठरवून कळत नाही. तिथे सरकारच्या चौथ्या कामाची, म्हणजे नियमनाची गरज होती. पुढे जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीची अट आली.

या सगळ्यात माझं मत एकच आहे आणि ते तू खोडून काढलंस तरी चालेल: पहिला रुपया कार्डावर खर्च करू नये, आरोग्य केंद्राच्या औषधांच्या फळीवर करावा. का, ते एका गोळीवर बघ.

सपाट भागात ३०,००० लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र असा निकष आहे, आदिवासी आणि डोंगराळ भागात २०,००० ला एक. तिशीच्या पुढचे निम्मे धर, १५,०००. त्यात पाचातल्या एकाला रक्तदाब म्हटलं तर ३,०००. त्यातले एक हजार जण जरी नियमित आले, तरी अम्लोडिपिन ५ मिलिग्रॅमच्या महिन्याला ३०,००० गोळ्या लागतील, तिमाहीला ९०,०००. थोक खरेदीत ही गोळी पैशांत मिळते, दुकानात रुपयांत. ती संपली की काय होतं? रक्तदाब दुखत नाही. माणूस दोन खेपा रिकाम्या हाती परततो आणि गोळी सोडतो, कारण त्याला काहीच झालेलं नसतं. काही वर्षांनी अर्धं अंग लुळं पडतं, आणि तेव्हा पाच लाखांचं कार्ड बाहेर निघतं. लकव्यानंतरचे उपचार योजना विकत घेते. रोजची गोळी तिच्या यादीत बसत नाही, कारण यादी भरती झालेल्या माणसासाठी आहे. २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यानुसार देशातल्या आरोग्यखर्चाचा ३९.४ टक्के भाग लोक खिशातून भरतात. त्यातला मोठा वाटा औषधांचा आणि भरती न होता घेतलेल्या उपचारांचा आहे.

गोळी संपते कशी, हे ‘भ्रष्टाचार’ या एका शब्दात उडवू नकोस. मागणीपत्र साधारणपणे मागच्या वर्षीच्या वापरावरून भरतात. मागच्या वर्षी गोळी चार महिने नव्हती, तर वापर आठ महिन्यांचाच दिसतो, आणि पुढच्या वर्षीची मागणी त्या आठ महिन्यांवर बेतली जाते. टंचाई अशी कागदावर कायमची होते. कोणी चोरी न करता. फार्मासिस्टने औषध नव्हतं ते दिवस वजा करून मागणी काढली तर हे टळतं: वापर भागिले औषध हाती असलेले महिने, गुणिले बारा, वर तीन महिन्यांचा राखीव साठा. पुढचा घोळ पुरवठादाराची बिलं थकण्याचा. पैसे वर्षाने मिळणार हे ठाऊक असलेला माणूस निविदेत दर चढवतो किंवा निविदा भरतच नाही. मग स्थानिक खरेदी, तीही थोडी आणि महाग.

तमिळनाडूने यासाठी १९९४ मध्ये स्वतंत्र महामंडळ काढलं. खरेदी एकत्र, जिल्ह्यांत गोदामं, प्रत्येक संस्थेला ठरलेल्या रकमेचं पासबुक, आणि नमुने तपासून आल्यावरच माल पुढे. डॉक्टर त्या रकमेत यादीतलं हवं ते उचलतो. वरून कोणी ढकलत नाही. महाराष्ट्राने २०१७ मध्ये खरेदी हाफकिन या सरकारी महामंडळाकडे दिली आणि २०२३ मध्ये कायदा करून वेगळं प्राधिकरण नेमलं. पाटी बदलल्याने गोळी येत नाही, ती पासबुक आणि वेळेवरचं बिल यांनी येते. तुझ्या लेखात तुलना करायची तर या दोन गोष्टींची कर.

किंमत नियंत्रणावर तू फार भाळला आहेस. फेब्रुवारी २०१७ मध्ये औषध लावलेल्या स्टेंटची (हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायच्या जाळीदार नळीची) किंमत २९,६०० आणि साध्या धातूच्या स्टेंटची ७,२६० रुपयांवर बांधली. त्याआधी पहिल्या प्रकाराची सरासरी छापील किंमत सव्वा लाखाच्या आसपास होती, तेव्हा निर्णय योग्यच होता. पण बिलात स्टेंट ही एक ओळ. बलून, कॅथेटर, कॅथ लॅब, खोलीभाडं या ओळी मोकळ्याच राहिल्या. एक ओळ दाबली की बाकीच्या फुगतात. मे २०२० मध्ये राज्याने कोविडसाठी खाजगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटांचे दर बांधले तेव्हा दिवसाचा एकत्रित दर दिला: वॉर्डचे ४,०००, आयसीयूचे ७,५००, व्हेंटिलेटर असेल तर ९,०००. तिथेही पीपीई किट आणि महागडी औषधं बाहेर राहिली, आणि बिलं तिकडून वाढली.

धर्मादाय रुग्णालयांचा मुद्दा तू घेतलाच नाहीस, आणि तो घ्यायला हवा. सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम ४१ कक खाली १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत, १० टक्के दुर्बलांसाठी निम्म्या दरात, आणि बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत. यासाठी सरकारला नव्याने एक पैसाही घालायचा नाही. या रुग्णालयांना सवलती आधीच दिलेल्या आहेत. फक्त वसुली करायची आहे. खाटा किती रिकाम्या हे रोज जाहीर व्हावं, एवढ्याने पुष्कळ फरक पडेल.

मग खाजगी सेवा घ्यायचीच नाही का? घ्यावी. निकष साधा ठेव: काम मोजता येतं का? एमआरआय, डायलिसिस, १०८ ची रुग्णवाहिका यात किती, किती वेळात, कोणत्या दर्जाचं हे करारात लिहिता येतं. साथ येण्याआधी ताप मोजत घरोघरी फिरणं, गरोदर बाईला चौथ्या तपासणीला आणणं, क्षयरोग्याचा सहा महिन्यांचा कोर्स पुरा करून घेणं यात काहीच घडू न देणं हेच काम असतं. ते करारात बसवलं की कागद पूर्ण होतो आणि काम राहतं. ते सरकारने स्वतःच करावं, आणि त्यासाठी एएनएमची, म्हणजे आरोग्यसेविकांची रिकामी पदं भरावीत.

खर्चाच्या आकड्याबद्दल एक सूचना. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या २.५ टक्के हे उद्दिष्ट होतं. २०२१-२२ ला आपण १.८४ वर होतो. हे दोन आकडे सगळेच लिहितात. तू राज्याचा अर्थसंकल्प उघड आणि लेखाशीर्ष २२१०, २२११ आणि ४२१० शोध. अंदाज, सुधारित अंदाज आणि दोन वर्षांपूर्वीचा प्रत्यक्ष खर्च, तिन्ही रकाने शेजारी मांड. घोषणा पहिल्या रकान्यात असते. ४२१० मध्ये इमारती असतात, २२१० मध्ये पगार आणि औषधं, २२११ मध्ये कुटुंब कल्याण. इमारत उभी आणि डॉक्टर नाही, याचं मूळ बहुधा ४२१० आणि २२१० या शीर्षांतल्या अंतरात सापडतं.

मसुदा पुन्हा लिहिण्याआधी जवळच्या एका आरोग्य केंद्रात जा. लसीकरणाचा दिवस सोडून जा, नाहीतर कोणाला बोलायला फुरसत नसेल. फार्मासिस्टला तीन गोष्टींची शिल्लक विचार: अम्लोडिपिन, मधुमेहाची गोळी मेटफॉर्मिन आणि सर्पदंशाचं प्रतिविष. पहिल्या दोन्हींची शिल्लक महिन्याच्या वापराने भाग, किती दिवस पुरेल ते कळेल, आणि साठा शून्य झाल्याची शेवटची तारीख नोंदवहीतून उतरून घे. प्रतिविषाला भागाकार नको. पहिला डोसच साधारण दहा व्हायलचा, म्हणजे कुप्यांचा असतो. फ्रिजमध्ये चार असतील तर नोंदवहीत साठा ‘उपलब्ध’ दिसेल, आणि तू मात्र ‘नाही’ असं लिही.